रक्त कोणाचं, पिणारा कोण? व्हँपायर आणि समाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, परभणी, जालना भागातल्या ग्रंथालयांत आणि कॉलेजांत मी भुताखेतांच्या गोष्टींवर बोलते. बोलून झालं की प्रश्न येतात, आणि गाव बदललं तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. अंबाजोगाईला घरी परतताना एसटीत बसून मी ते वहीत उतरवून ठेवते. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे उत्तरांसह देते आहे.

व्हँपायरला मराठीत शब्द का नाही?

'रक्तपिपासू' आहे, पण तो पुस्तकी. आजीच्या तोंडी तो कधी आला नाही, कारण तिच्या जगात हे भूतच नव्हतं.

व्हँपायर म्हणजे मेलेला माणूस देहासकट थडग्यातून उठतो आणि जिवंतांचं रक्त पिऊन टिकून राहतो. आपल्याकडची भुतं असं करत नाहीत. ती लागतात, धरतात, झपाटतात, वाट चुकवतात. त्यांना स्वतःचा देह नसतो, म्हणून ती दुसऱ्याच्या अंगात शिरतात. आपल्या भाषेतली भुतांची क्रियापदं बघा, त्यांत 'पिणं' सापडत नाही.

माझा तर्क असा, की यात अंत्यविधीचा मोठा वाटा आहे. प्रेत जाळलं, तिसऱ्या दिवशी राख सावडली, की उठून येणारा देहच उरत नाही. उरते ती इच्छा. म्हणून दहाव्याला नदीकाठी सगळ्यांचे डोळे पिंडाकडे आणि कावळ्याकडे. कावळा शिवला नाही की कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, "पोरीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका." तिथली भीती अशी की माणसाचं काहीतरी राहून गेलं. पुरणाऱ्या समाजात हीच भीती 'माणूस अजून तिथेच आहे' अशी होते. आपल्याकडे पुरणारे समाजही भरपूर आहेत, त्यामुळे हा तर्क फार ताणू नये, पण मला तो पटतो.

मग ही कल्पना आली कुठून?

लोककथा जुन्या आहेत, पण युरोपभर बोभाटा झाला तो सर्बियातल्या दोन गावांमुळे. १७१८च्या तहानंतर सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे गेला होता. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. मरताना त्यांनी नुकत्याच वारलेल्या एका गावकऱ्याचं, पेटर ब्लागोयेविचचं, नाव घेतलं : तो रात्री येऊन गळा दाबतो. गाव अंमलदाराकडे गेलं आणि म्हणालं, थडगं उघडू द्या, नाहीतर आम्ही गाव सोडतो. अंमलदारानं नाइलाजानं परवानगी दिली, प्रेताच्या छातीत खुंटी ठोकली गेली, आणि त्याचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. १७३१-३२ मध्ये मेद्वेजा गावात तसंच घडलं. तिथे लष्करी डॉक्टर गेले, त्यांनी थडगी उघडून सविस्तर अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या बातम्यांबरोबर हा शब्द इंग्रजी आणि फ्रेंच वाचकांपर्यंत पोचला.

इथे माझ्या मनात नेहमी एकच गोष्ट येते. गावात साथ होती, माणसं पटापट मरत होती, राज्यकर्ता नवा आणि परका होता. आपल्या मरणाची दखल घ्यायला लावायचं तर गावकऱ्यांच्या हातात हीच एक भाषा होती. आणि लिहिणारा अंमलदार दूरच्या राजधानीसाठी 'आपल्या अडाणी रयते'चं चित्र काढत होता. त्या एकाच कागदात गावाची भीती आहे आणि सरकारचा तोराही आहे. पुढे १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपल्या वैद्याकडून चौकशी करवून थडगी उकरायला बंदी घातली.

पण थडग्यात प्रेत ताजं आणि तोंडाला रक्त, हे कसं?

देह कुजताना पोटात वायू धरतो, अंग फुगतं, मेलेला माणूस 'धष्टपुष्ट' दिसतो. त्याच दाबानं काळपट लाल द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. कातडी आकसल्यानं नखं आणि केस वाढल्यासारखे वाटतात. खुंटी ठोकली की कोंडलेली हवा निघते आणि आवाज होतो. थंडीत आणि खोल मातीत हे सगळं फार सावकाश चालतं. त्या लोकांनी पाहिलं ते खरंच पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ चुकला.

'ड्रॅक्युला'त एवढं काय आहे, की सव्वाशे वर्षं तो जात नाही?

ही कादंबरी आली १८९७ मध्ये, लंडनहून. तिच्यातला सरदार युरोपच्या पूर्व टोकाच्या गढीतून लंडनला यायची तयारी करतो. कशी, ते वाचण्यासारखं आहे. तो इंग्रजी पुस्तकं वाचतो, उच्चार घोटून घेतो, रेल्वेचं वेळापत्रक पाहतो, वकिलामार्फत घर विकत घेतो. रस्त्यावर आपल्याला कुणी परका म्हणून ओळखू नये, एवढीच त्याची इच्छा. मग मायदेशच्या मातीचे पन्नास खोके जहाजात भरून तो येतो.

आता त्या वर्षाकडे बघा. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा त्याच वर्षी झाला. सोहळ्याच्या रात्री, २२ जूनला, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, कारण प्लेगच्या नावाखाली सोजीर लोकांच्या माजघरात शिरत होते. देशात दुष्काळ होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, पण दुष्काळ काही हद्द पाहून थांबत नसतो. जगभरच्या घरांत न विचारता शिरलेलं साम्राज्य, आणि त्याच्या राजधानीत छापलेल्या या कादंबरीतली भीती कोणती? की पूर्वेकडून कुणीतरी आपली भाषा शिकून, आपल्या घरात शिरून, आपल्या बायकांचं रक्त पिईल. जे आपण केलं ते उलटून आपल्यावर येईल, ही ती भीती.

मात्र लेखक ब्रॅम स्टोकर आयरिश होता, हे विसरायचं नाही. त्याचा जन्म १८४७चा, डब्लिनचा, म्हणजे आयर्लंडच्या महादुष्काळाच्या ऐन मध्यातला. त्याच्या आईनं लहानपणी, १८३२ मध्ये, स्लायगो गावात कॉलऱ्याची साथ पाहिली होती. जीव असलेल्या माणसांनाही पुरल्याच्या आठवणी ती मुलाला सांगायची. या बाजूनं वाचलं तर गढीत बसून कुळांच्या जिवावर जगणारा सरदार हा आयर्लंडमधला जमीनदार दिसायला लागतो. एकाच पात्रात मालकाचीही भीती आहे आणि कुळाचीही. तो अजून टिकून आहे तो त्यामुळे, असं मला वाटतं.

व्हँपायर नेहमी सरदार किंवा श्रीमंतच का असतो?

गावकऱ्यांच्या गोष्टींत तो शेतकरीच होता, फुगलेला, लालबुंद तोंडाचा. त्याला उमराव केलं शहरी लेखकांनी. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरीनं पहिला गोरागोमटा, उच्चकुलीन व्हँपायर इंग्रजीत आणला. तेव्हा उमरावशाही खिळखिळी होत होती आणि मध्यमवर्ग वर येत होता. त्याच्या डोळ्यांना उमराव कसा दिसत असेल? काम न करता जगणारा, रात्री जागणारा, इतरांच्या मुलींवर नजर ठेवणारा.

पैशाशी ही प्रतिमा त्याच्याही आधी जोडली गेली होती. अठराव्या शतकातच व्होल्तेअरनं लिहून ठेवलं, की खरे रक्तशोषे थडग्यांत नाहीत, ते दलाल आणि सट्टेवाले आहेत, दिवसाढवळ्या लोकांचं रक्त पितात आणि वाड्यांत राहतात. मार्क्सनं १८६७ मध्ये भांडवलाला व्हँपायरची उपमा दिली. आणि १८७५ मध्ये लंडनचे भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरी यांनी सरकारी टिपणात लिहिलं, की भारताचं रक्त काढायचंच आहे तर नस्तर जिथे रक्त साचलंय तिथे लावावं, आधीच रक्त कमी असलेल्या खेड्यांना नको. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या गळतीबद्दल लिहिताना हे वाक्य पुन्हा पुन्हा पुढे केलं. कारण इथे राज्यकर्ता स्वतःच शोषणाची भाषा बोलत होता.

आपल्या बोलीत हे काम व्हँपायर करत नाही, गोचीड करतं. लहानपणी आजोबांबरोबर मी बैलाच्या कानातले गोचीड काढायला बसायचे. रक्त पिऊन टम्म फुगलेलं गोचीड थेट एरंडाच्या बीसारखं दिसतं, राखाडी, गुळगुळीत. ओढलं तर तोंड आत राहतं आणि ती जागा चिघळते, म्हणून आजोबा त्याला चिमटीत धरून हळूहळू सोडवायचे. सोडवताना ते गावातल्या एका सावकाराचं नाव घ्यायचे. त्यांच्या भावानं कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा दिला होता आणि नदीकडची दोन एकर काळी गेली होती. सावकारी नियमनाचा कायदा महाराष्ट्रात २०१४ मध्ये नव्यानं आला. तोवर आजोबा राहिले नव्हते. 'रक्त पितो', 'रक्त आटवतो', 'गोचडासारखा चिकटलाय' हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी इंग्रजी कादंबरीतून शिकवलेलं नाही.

विक्रम-वेताळमधला वेताळ हा आपला व्हँपायरच ना?

नाही. आणि हा गैरसमज कुणी केला हे नावानिशी सांगता येतं. १८७० मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रजानं वेताळाच्या पंचवीस गोष्टींपैकी अकरा इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हँपायर करून टाकलं. इंग्रज वाचकाला तोच माल हवा होता.

वेताळ प्रेतात राहतो, पण त्या प्रेताचं रक्त त्याला नको असतं. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी न्याय विचारतो : दोष कुणाचा? खरा नवरा कोण? जास्त मोठा त्याग कुणाचा? उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं होतील. ज्या समाजाला हे भूत सुचलं त्याची काळजी राजाच्या विवेकाची होती. सत्तेवरचा माणूस जाणूनबुजून गप्प बसला तर काय, हा तो प्रश्न. शिवाय शेवटी राजाला बळी द्यायला निघालेला असतो जिवंत भिक्षू, आणि त्याला सावध करतो तो वेताळ!

आणि ही गोष्ट आपल्या घरची आहे. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मिरात 'कथासरित्सागर' रचला. त्यात वेताळाची कथा सुरू होते गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात. राजाचं नाव तिथे त्रिविक्रमसेन आहे. त्याच ग्रंथात गुणाढ्याची कथा येते. सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित पैज हरतो, संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडतो, विंध्याच्या रानात जातो आणि पैशाची भाषेत, पिशाचांच्या भाषेत, सात लाख श्लोकांची कथा लिहितो. रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजा ते हस्तलिखित धुडकावतो : भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. सहा लाख श्लोक जळून जातात, राजाला उपरती होईपर्यंत एक लाख उरतात. पैठणला घाटावर गेले की मला ही कथा आठवते आणि आतून हलायला होतं. युरोपच्या गोष्टीत पिशाच माणसाचं रक्त घेतं. आपल्या गोष्टीत माणूस पिशाचांच्या भाषेला स्वतःचं रक्त देतो, आणि नाक मुरडतो तो दरबार.

आपली गावाकडची भुतं आपल्याबद्दल काय सांगतात?

सगळं सांगतात. फक्त यादी करून बघा. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला मुलगा मुंजा होतो, पिंपळावर राहतो. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. जीव संसारात अडकलेली सवाष्ण जखीण होते. धनावर जीव ठेवून निपुत्रिक मेलेला समंध होतो. कुठलं भूत व्हायचं हे जात, लिंग, लग्न आणि मूल यांवरून ठरतं. मेल्यावरही दाखल्याचे रकाने सुटत नाहीत.

हडळीपाशी जरा थांबा. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, पहिलं बाळंतपण, दवाखाना लांब, रक्त थांबलं नाही. तिचं रक्त गेलं, ती मेली, आणि गोष्टीत तीच भयंकर झाली. तिला ना गाडी मिळाली ना सुईण, याबद्दल गोष्ट चकार शब्द काढत नाही. उलटे पाय आणि मोकळे केस मात्र अगदी बारकाईनं सांगते.

याच मातीत नाथांनी याचं दुसरं टोक दाखवलं. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भूतबाधेवर भारूड रचलं. झाडणी, देवऋषी, लिंबू-नारळाचा उतारा, सगळं त्यात आहे. पण हे भूत उतारा जुमानत नाही, ते ध्रुवाला लागलं, नारदाला लागलं, आणि पुढे कळतं की ते सर्वांठायी भरलेलं आहे. लोकांची भीती जशी होती तशी उचलली आणि तिच्यातच पांडुरंग बसवला. भीती घालवायची इतकी प्रेमळ रीत मला दुसरीकडे दिसली नाही.

साथीच्या रोगांशी व्हँपायरचा संबंध काय?

फार जवळचा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये १८९२ साली मर्सी ब्राउन ही तरुणी क्षयानं गेली. आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ खंगत होता. शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे थडगी उघडली. मर्सीला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेही हिवाळ्यातले, त्यामुळे देह टिकून होता. तिचं काळीज जाळलं आणि राख पाण्यात कालवून भावाला पाजली. तोही काही आठवड्यांत गेला. क्षयाचा जंतू दहा वर्षांपूर्वीच, १८८२ मध्ये, सापडला होता. शोध लागला तरी औषध नव्हतं, आणि औषध नाही तिथे उतारा येतो.

महायुद्ध आणि इन्फ्लुएंझा सोसलेल्या जर्मनीत १९२२ मध्ये 'नोस्फेराटू' हा मूकपट आला. त्यातला व्हँपायर उंदरांनी भरलेल्या जहाजातून प्लेग घेऊन येतो. तो मी पुन्हा पाहिला २०२० नंतर. तेव्हा डोळ्यांपुढे आली आमच्या गावच्या वेशीवर आडवी टाकलेली बाभळीची काटेरी फांदी. पुण्या-मुंबईहून चालत आलेली आपलीच पोरं पलीकडे उभी होती आणि अलीकडून त्यांचे चुलते म्हणत होते, "तिथंच थांब रे, पुढं येऊ नको." भाकरी-पिठलं फांदीवरून दिलं जात होतं.

व्लाद नावाचा खरा राजा होता ना?

होता. पंधराव्या शतकातला वालाकियाचा राजा, शत्रूंना सुळावर देण्यासाठी कुख्यात. स्टोकरनं घेतलं ते मुख्यतः त्याचं 'ड्रॅक्युला' हे नाव. रुमानियात मात्र तो तुर्कांशी लढलेला वीर मानला जातो. मला इथे मलिक अंबर आठवतो. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, त्यानं १६१०च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिला नहरीचं पाणी दिलं. जहांगीरच्या दरबारी चित्रात मात्र त्याचं तोडलेलं मुंडकं भाल्यावर आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात जहांगीरला तो कधी हाती लागला नाही. १६२६ मध्ये म्हातारपणी तो आपल्या मरणानं गेला, कबर खुलताबादला आहे. चित्रात अंबर कमी आणि बादशहाचा जळफळाट जास्त दिसतो. व्हँपायरचं चित्रही असंच वाचावं.

आणि वटवाघूळ?

रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या फक्त तीन जाती आहेत, तिन्ही अमेरिका खंडातल्या. आपल्या लेण्यांतली निरुपद्रवी आहेत, त्यांना मारू नका.

हल्लीचे व्हँपायर देखणे आणि प्रेमळ कसे झाले?

१९७६ मध्ये ॲन राइसच्या कादंबरीत व्हँपायर स्वतःची कहाणी स्वतः सांगायला लागला. एकदा तो बोलायला लागला, की त्याचं एकटेपण कळतं. पुढे २००५ मध्ये सुरू झालेल्या 'ट्वायलाइट' या लोकप्रिय कादंबरीमालिकेत तो माणसांचं रक्तच सोडतो, संयम पाळतो, लग्नाची वाट पाहतो. माझ्या विद्यार्थिनींना तो आवडतो, आणि मी त्यांना हसत नाही. ज्या मुलीला कॉलेजच्या वाटेवर रोज नजरा झेलाव्या लागतात, तिला 'ताकद असूनही हात आवरणारा' पुरुष हवासा वाटला तर त्यात तिच्या गावाची हकिकत आहे.

गरीब समाजांतही व्हँपायर असतात का?

असतात, आणि तिथे पिणारा बदलतो. पूर्व आफ्रिकेत इंग्रजांच्या काळात अफवा होती, की अग्निशमन दलाचे लोक माणसं पकडून रक्त काढतात. पेरूच्या डोंगरांत गोरा माणूस चरबी काढून नेतो अशी कथा आहे. बलवान समाज सांगतो तेव्हा पिणारा बाहेरचा असतो, दुबळा समाज सांगतो तेव्हा पिणारा मालक असतो. दुसऱ्या प्रकारच्या कथेत खूप सत्य असतं. तरी ती निर्धोक नाही : मलावीत २०१७ मध्ये अशाच अफवेतून जमावानं माणसं मारली. राग मालकावरचा असतो, घाव मात्र हाताशी सापडणाऱ्यावर बसतो.

भानामतीचा याच्याशी काही संबंध आहे?

आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे. मराठवाड्यात बाया अचानक कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात, अंगावर फुल्या उठतात, कपडे पेटतात, आणि गाव म्हणतं भानामती झाली. मी आठवीत असताना मावशीच्या गावात पाहिलं. शेजारची वहिनी भाकरी थापत होती. परातीत पीठ, हात पिठाचे, आणि गळ्यातून भुंकल्यासारखा आवाज. थांबला की ती पुन्हा भाकरी थापायची, तव्यावरची उलटायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण काम थांबत नव्हतं. तिला तीन मुली होत्या आणि नवऱ्याचं दुसरं लग्न ठरत होतं. ती हे कुणाला शब्दांत सांगू शकली असती?

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या कार्यकर्त्यांनी या भागात वर्षानुवर्षं जाऊन हेच सांगितलं, की हे कोंडलेल्या मनाचं बोलणं आहे, तिला उपचार आणि आधार द्या. त्या संध्याकाळी पारावर मात्र चर्चा एकच होती : केली कुणी? चार नावं निघाली. चारही बायकांची, चारही एकट्या राहणाऱ्या. दोघी विधवा, एक टाकलेली, एक मूल नसलेली. एकीबद्दल असंही निघालं, की तिनं बघितलं की म्हैस आटते. रुमानियाच्या खेड्यांतला स्त्रिगोई, म्हणजे तिकडचा व्हँपायर, तोही गायीचं दूध आटवतो. शेतकऱ्याच्या घरात रक्तापेक्षा दूध आधी मोजलं जातं.

आमच्या गावात एका म्हातारीला करणीवाली म्हणतात. काय करू?

आधी तिच्या घरी जा आणि बसा, लोकांना दिसेल असं, ओट्यावर. चहा तिच्याच हातचा घ्या.

मग कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते असं सांगून तिच्याबद्दल संशय पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. त्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेले असतात. ठाण्यात जाऊन 'दक्षता अधिकारी कोण' हेच शब्द वापरा आणि तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना त्याची प्रत द्या. गावात कुणी आजारी असेल तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण पुढचं मरण तिच्या नावावर लिहिलं जाणार असतं. आणि अमावस्या जवळ असेल, पारावर कुजबूज वाढली असेल, तर ती रात्र तिला एकटीला झोपू देऊ नका. दोघी-तिघी बायकांनी अंथरूण घेऊन तिच्याकडे जा.